चोपन्न उंची, सव्वीस छाती

आमचे भावोजी खोटं बोलतात. मी हे त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. कपडा कधी मिळेल विचारलंत तर "परवा नक्की" म्हणतील, आणि तो परवा कुठल्याच कॅलेंडरात सापडायचा नाही. जेवताना वरून मीठ घेतलंत का विचारलं तर ठामपणे मान हलवतील, आणि मिठाची बाटली मांडीखाली असेल. पण मापात खोटं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. एका बाईंनी कंबर दोन इंच कमी लिहा म्हणून लाडीगोडी लावली होती, तर म्हणाले, "मी लिहीन हो कमी, पण चेनला कोण समजावणार?" बाई रुसून गेल्या आणि महिन्याभरानं परत आल्या. दुसरीकडे शिवलेला ड्रेस उसवून घ्यायला.

भावोजी शिंपी आहेत. चौकात औषधाच्या दुकानाला लागून खाली दुकान आणि वर घर. माप घेणं, गिऱ्हाइकांशी गप्पा छाटणं आणि पँटी शिवणं भावोजींकडे. बेतणं आणि कोट शिवणं ताईकडे. काजं, बटणं, हुक आणि दोघांची बोलणी खाणं माझ्याकडे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही. एक भावोजी जवळून पाहिले, तेवढे पुरले.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेता घेता भावोजी खाली बसले ते उठेचनात. तोंडात टाचण्या होत्या. ताईनं आधी एकेक करून टाचण्या काढल्या, मोजल्या, मग हंबरडा फोडला. हृदयाचं दुखणं निघालं. पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले, आणि त्या दिवसापासून ताईनं त्यांचा ताबा घेतला. जिना दिवसातून दोनदाच. कापडाचा तागा उचलायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, हलका व्यायाम करा. हलका म्हणजे किती ते ताईनं ठरवलं: मंगळवारी दुकान बंद असतं तेव्हा बागेत फेऱ्या, सपाटीवरून, फोन खिशात ठेवून. वर त्यांचा हात हातात घेऊन वचन घेतलं, की मला न सांगता कुठे जाणार नाही. ताई सहसा रडत नाही, पण तेव्हा तिचा आवाज फाटला होता. भावोजींनी वचन दिलं, आणि मला वाटतं त्या दिवशी मनापासूनच दिलं असेल.

ते वचन चार महिने टिकलं. पुढचा दोष पोस्टमास्तरांचा.

पोस्टमास्तर हे निवृत्त पोस्टमास्तर, भावोजींचे जुने मित्र. निवृत्तीनंतर त्यांनी दोन कयाक घेतल्या. कयाक म्हणजे एका माणसानं पाय पसरून बसायची लांबट प्लास्टिकची होडी, वल्हं एकच, दोन्ही टोकांना पाती असलेलं. दुसरी बायकोसाठी होती. बायकोनं होडी पाहिली, पाणी पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि माहेरी निघून गेली. आठवड्यानं परत आली, पण होडीत काही बसली नाही. मग ती दुसरी होडी रिकामी कशाला ठेवायची?

होड्या माझ्या मागच्या अंगणात असायच्या, कारण माझं घर खाडीला पाठ लावून आहे. म्हणजे पापात माझाही वाटा. भावोजी दर मंगळवारी सकाळी बागेच्या दिशेनं निघायचे, कोपऱ्यावर वळायचे आणि माझ्या अंगणातून पाण्यात उतरायचे. फोन माझ्याकडे ठेवायचे. ताईचा फोन आला की मी म्हणायची, "भेटले होते मला. फोन माझ्याकडे देऊन जरा पाण्याकडे गेलेत." बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, त्यामुळे ताईला ते पटायचं. सख्ख्या बहिणीला मी असं वर्षभर फसवलं. का, तर पाण्यावरून परत आलेले भावोजी माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायचे, तेव्हा दुखण्याआधीचे भावोजी दिसायचे. मला ते भावोजी हवे होते. तेवढ्या एका सकाळवर तो माणूस उरलेला आठवडा काढत होता, आणि ताईला कळलं असतं तर ती सकाळ गेली असती. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण तीस वर्षांचा विश्वासही गेला असता, आणि तो कुठून उसवून पुन्हा शिवायचा हे मला माहीत नव्हतं.

तर त्या मंगळवारची गोष्ट. मी काही होडीत नव्हते. दोघांकडून ऐकलंय आणि पोस्टमास्तरांचं निम्मं वजा केलंय.

त्या दिवशी भावोजींच्या पिशवीत ताईची मोठी कात्री होती. ही कात्री आमच्या वडिलांची. ती कापडाशिवाय कशालाही लावायची नाही, असा आमच्या घरचा कायदा. लहानपणी मी तिनं एकदा पतंगाचा कागद कापला होता, तर वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ताईनं ती धारवाल्याकडे न्यायला दिली होती. भावोजी म्हणाले, येताना नेईन, आणि पिशवीसकट होडीत बसले. गळ्यात टेप होता, कारण तो अंघोळीलाच काय तो निघतो. कानामागे पेन्सिल. आणि सदऱ्याच्या खिशात आदल्या संध्याकाळी घेतलेल्या मापाची चिठ्ठी. बँडमास्तरांचं माप. गावातल्या बँडला अकरा लाल कोट शिवून हवे होते, लाल कापडाचा अख्खा तागा दुकानात येऊन पडला होता, आणि शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी निदान बँडमास्तरांचा एक तरी कोट तयार करून द्यायचा होता.

खाडीच्या तोंडाशी दोघांनी गळ टाकले. नेहमी हाताएवढे मासे लागायचे. त्या दिवशी भावोजींच्या गळाला काहीतरी लागलं, आणि ते काहीतरी होडीसकट त्यांना घेऊन निघालं. भावोजी वल्हं मांडीवर ठेवून, काठी दोन्ही हातांत धरून, ताठ बसून समुद्राकडे चाललेत आणि मागून पोस्टमास्तर वल्हं मारत ओरडतायत, "टेलर, सोड! सोडू नकोस! सोड!"

वीस मिनिटांनी ओढ कमी झाली आणि होडीच्या कडेला एक करडी पाठ वर आली. शार्क.

"आठ फूट!" पोस्टमास्तर ओरडले. "आठ फुटांना ऐकत नाही!"

आता कुणीही शहाणा माणूस घाबरला असता. भावोजीही घाबरले असतील, पण त्याहून जास्त चिडले. त्यांच्यासमोर कुणी चुकीचं माप बोललेलं त्यांना सहन होत नाही. ते म्हणाले, "आठ फूट? डोळे आहेत की बटणं?" आणि गळ्यातला टेप काढला.

शार्क दमला होता, तरी शेपटी हलवत होता. भावोजींना त्याचं काही विशेष वाटलं नाही. गिऱ्हाईक हलतंच. डाव्या हातानं दोरा आखूड धरून त्यांनी नाकाडापासून शेपटीपर्यंत टेप लावला, आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "सरळ राहा. श्वास सोडा." मग टेप पोटाखालून घेऊन छाती घेतली. बाजूचा पर उचलून बाही घेतली. पाठीवर उभा असतो तो पर मोजला आणि कॉलरच्या खात्यात टाकला. गळा मात्र कुठे घ्यावा समजेना, म्हणून सोडून दिला. खिशातली चिठ्ठी काढून तिच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: उंची ५४, छाती २६, बाही ९, कॉलर ५.

"साडेचार फूट," त्यांनी जाहीर केलं.

"घेऊन जाऊ," पोस्टमास्तर म्हणाले. "त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

भावोजींनी टेप गळ्यात टाकला. पिशवीतून कात्री काढली, हात पाण्यात घातला आणि तोंडाजवळची गळाची तार कचकन कापली. शार्क क्षणभर तिथेच राहिला. मग खाली गेला.

दुपारी माझ्या ओट्यावर दोघं आले तेव्हा नखशिखांत भिजलेले होते. पोस्टमास्तर आठ फुटांवरून सातावर यायला तयार होते, त्याखाली नाही. भावोजी लहान मुलासारखे एकच आकडा घोकत होते, "चोपन्न! मेहुणीबाई, चोपन्न!" मी विचारलं, सोडलात कशाला? तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये." मला ते टोलवाटोलवीचं वाटलं, पण मी खोलात गेले नाही. त्यांना माझ्याकडचा कोरडा सदरा दिला, ओला वाळत टाकला, संध्याकाळी पिशवीतून घरी पाठवला. धारवाल्याचं दुकान एव्हाना बंद झालं होतं. कात्री आहे तशी, तारेचा दणका खाऊन, कपाटात गेली. ताईला सांगितलं, "आणली हो धार लावून."

आणि इथे आम्ही दोघंही जन्माचे शिंपी असून खिसा पाहायला विसरलो.

ताई धुण्याआधी सगळे खिसे तपासते. तिला ती चिठ्ठी सापडली. पुढच्या बाजूला शाईनं लिहिलेलं खाऱ्या पाण्यात वाहून गेलं होतं, फक्त वरचं "बँडमास्तर, शुक्रवार" कसंबसं वाचता येत होतं. मागच्या बाजूला पेन्सिलीचे आकडे ठणठणीत. ताईला वाटलं, घामानं शाई पुसली म्हणून ह्यांनी मागे पुन्हा लिहून ठेवलं. आता मोठ्या माणसाची छाती सव्वीस कशी असेल? पण जुना कोट टेबलावर पसरून माप घेतलं की अर्धीच छाती येते, आणि ती तशीच लिहायची पद्धत आहे. बेतणाऱ्यानं दुप्पट धरायची. तेव्हा बावन्न. ताईनं बँडमास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. तिनं डोळ्यांसमोर एक धिप्पाड माणूस उभा केला आणि ताग्यावर खडू चालवला.

बुधवारी भावोजी खालच्या मशीनवर पँटींच्या ढिगात होते. वरच्या खोलीत ताई बेतत होती आणि मी समोर काजं करत होते.

"ही कात्री चावतेय गं," ताई म्हणाली. "मधेच अडकते. बघ, प्रत्येक कापाला इथे दात लागतोय. धारवाल्यानं काय दगडावर आपटली का?"

"बदलला असेल माणूस," मी म्हटलं.

"आणि हे बँडमास्तर तरी केवढे! बावन्न छाती, चोपन्न उंची."

सुई माझ्या बोटात गेली. "किती?"

"चोपन्न. घोट्यापर्यंत येईल. आणि बाही नऊच. अर्ध्या बाह्यांचा कोट बाई मी पहिल्यांदा शिवतेय. हात हलवायचे असतात ना, मोकळे लागत असतील."

"ताई, एकदा भावोजींना विचारतेस का?"

"मापाचं काय विचारायचं? मापात त्यांची चूक होत नाही."

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मला बोट चोखत खाली बघावं लागलं. संध्याकाळी मी भावोजींना गाठून कानात सगळं सांगितलं. म्हणाले, उद्या सकाळी बँडमास्तर ट्रायलला यायच्या आत काहीतरी करतो. काय करणार होते देव जाणे. मला वाटतं दुकानाला आग लावायचाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला असेल.

गुरुवारी सकाळी काहीतरी करायची वेळच आली नाही. ताई दुकान उघडायच्या आत कात्री घेऊन धारवाल्याशी भांडायला गेली, आणि बँडमास्तर वेळेआधी अर्धा तास आले. ते आले म्हणजे दारातून एक छत्रीची काठी आत आली. त्या माणसाच्या अंगावर मांस असं कुठे नाहीच. भावोजींनी त्यांना परत पाठवायची खटपट चालवली होती, तेवढ्यात ताई परतली. तिनं बँडमास्तरांकडे पाहिलं. मग वर गेली, कच्चा शिवलेला कोट घेऊन आली आणि त्यांच्या अंगावर चढवला.

कोट जमिनीपर्यंत गेला. कॉलर कानांच्या वर उभी राहिली. नऊ इंचांच्या बाह्यांतून दोन लांब हात बाहेर आले. बँडमास्तरांनी आरशात पाहिलं, सभ्य माणूस, जरा वेळानं म्हणाले, "थोडा सैल वाटतो का?"

"उद्या सकाळी येऊन न्या," ताई म्हणाली. "बरोबर बसेल." त्यांच्या हाडांवरून तिनं स्वतः टेप फिरवला, आकडे मापवहीत लिहिले आणि त्यांना दारापर्यंत पोचवून दार लावून घेतलं. मला वाटलं मीही त्यांच्याबरोबर बाहेर पडावं. पण ताई म्हणाली, "तू बस."

कात्री टेबलावर ठेवली. "धारवाला म्हणतो, दोन महिन्यांत तुम्ही त्याच्याकडे फिरकला नाहीत. आणि म्हणतो, ह्या पात्यानं तार कापलीय." मग चिठ्ठी ठेवली. "हे माप कुणाचं?"

मी भावोजींच्या चेहऱ्यावर दोन-तीन थापा येऊन गेलेल्या पाहिल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं म्हणता आलं असतं. सर्कशीतल्या पहिलवानाचं म्हणता आलं असतं. पण ताईनं मापाबद्दल विचारलं होतं.

"शार्कचं," भावोजी म्हणाले.

ताईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुणाचं?"

मग सगळं बाहेर आलं. होडी, पोस्टमास्तर, वर्षभराचे मंगळवार, माझं अंगण. माझं नाव आलं तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला अजून आठवतं. मी आयुष्यात इतकी लाजले नाही.

"वचन दिलं होतंत," ताई म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दिलं होतं."

"वडिलांची कात्री. लोखंडावर."

"तार तुटत नव्हती गं."

"मग ठेवायचा होता त्याला. एवढा पकडलात, एवढं सगळं केलंत, तर सोडलात कशाला?"

भावोजींनी टेप बोटांना गुंडाळला. मग म्हणाले, "त्याच्या तोंडात ती तार होती आणि तो कडेला निपचित पडला होता. हलायचाही बंद झाला होता शेवटी. नुसता डोळा उघडा. दवाखान्यात मी असाच पडलो होतो, नाकातोंडात नळ्या. तू बाकावर बसलेली दिसायचीस. तू जीव धरून बसलीस म्हणून मी वाचलो, मला माहीत आहे. पण घरी आल्यावरसुद्धा ती नळी निघालीच नाही असं वाटतं मला. तुझी चूक नाही. तू घाबरलीस. मीही घाबरतो. फक्त तिकडे पाण्यावर घाबरत नाही."

इतकं सरळ भावोजी कधी बोलले नव्हते. मी रडले. ताई रडली नाही. तिनं तो लाल कोट उचलला आणि वर गेली.

दिवसभर वरून मशीनचा आवाज येत होता. आम्ही दोघं खाली शिक्षा झाल्यासारखे बसलो. बँडमास्तरांचा नवा कोट संध्याकाळी तयार होऊन खाली आला. ताई तो माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "काजं कर," आणि पुन्हा वर गेली. बँडचं वाया गेलेलं कापड आपण भरून देऊ असंही तिनं वरून ओरडून सांगितलं, म्हणजे जुन्या कोटाचं काहीतरी चाललं होतं.

जेवायच्या आधी तिनं भावोजींना हाक मारली. मीही मागोमाग जिना चढले, न बोलावता. ताईच्या हातात टेप होता.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली. "श्वास सोडा."

तिनं छाती घेतली, कंबर घेतली, आणि कंबरेच्या आकड्याशी थांबली. पुन्हा घेतली. "चार इंच कमी झालीय. दवाखान्यातून आलात तेव्हापासून चार इंच." टेप त्यांच्या कमरेला तसाच होता. "मला वाटायचं बागेतल्या फेऱ्यांनी."

मग भावोजींच्या अंगावर एक बंडी चढवली. लालभडक. शार्कच्या कोटातून कापलेली, आत जाड अस्तर, पुढे झाकणाचे तीन खिसे. एका खिशात फोनसाठी प्लास्टिकची पिशवी शिवलेली, एकात औषधाच्या गोळ्या, एकात वायर कापायची पक्कड.

"एवढी लाल कशाला?" भावोजींनी विचारलं.

"लांबून दिसायला हवं."

तर आता मंगळवारी सकाळी माझ्या ओट्यावर ताईची खुर्ची असते. ती काहीतरी उसवत बसते आणि मधून मधून मान वर करून खाडीच्या तोंडाशी तो लाल ठिपका शोधते. माझ्याशी पहिले दोन मंगळवार बोलली नाही. तिसऱ्या मंगळवारी चहात साखर कमी आहे म्हणाली, तेव्हा मला हायसं वाटलं. पोस्टमास्तर कुणाला शार्कची गोष्ट सांगायला लागले आणि सात फुटांवर आले की ताई तिथूनच ओरडते, "चोपन्न इंच! चिठ्ठी आहे माझ्याकडे!"

चिठ्ठी खरंच आहे, मापवहीत चिकटवलेली. तिच्याच खाली त्या गुरुवारच्या तारखेला भावोजींचं माप लिहिलंय, ताईच्या अक्षरात. छाती, कंबर, उंची. आणि गिऱ्हाइकाला कपडा कधी द्यायचा ते लिहायच्या रकान्यात तिनं लिहिलंय: देणे, दर मंगळवारी सकाळी. परत घेणे, बाराच्या आत.